कोठाराची गळती कानानें शोधावी

शीतगृह पुरेसें थंड होत नाहीं अशी तक्रार आली, कीं आपल्याकडे प्रथम यंत्र मोठें घेण्याची गोष्ट निघते. गुदामांतील धान्यास धुरी देऊनहि किडे मेले नाहींत, कीं पुढील खेपेस गोळ्या वाढविण्याची गोष्ट निघते. दोन्ही ठिकाणीं पैसा खर्च होतो, आणि दोन्ही ठिकाणीं मूळ दोष पुष्कळदां जागच्या जागींच राहतो. कारण तो दोष यंत्राचा नसतो आणि गोळ्यांचाहि नसतो. तो इमारतीच्या सांध्यांत असतो. जी हवा आंत कोंडून ठेवावयाची ती बाहेर जाते, जी बाहेर ठेवावयाची ती आंत येते, आणि हा सर्व व्यवहार डोळ्यांस न दिसतां रात्रंदिवस चालू राहतो. ही चोरवाट शोधून काढण्याचें एक स्वस्त व भरंवशाचें साधन म्हणजे आवाज. कोठार अगर शीतगृह ताब्यांत घेण्यापूर्वीं, तसेंच दर हंगामाच्या आरंभीं, त्याची परीक्षा आवाजानें झालीच पाहिजे, व हें काम प्रत्येक सहकारी संस्थेनें आपल्या अंगावर घेतलें पाहिजे, असें आमचें मत आहे. तें कां बनलें व त्याची मर्यादा कोठें आहे, हें येथें मांडावयाचें आहे.

जुनें हवाबंद कोठार

हवाबंद सांठवणाची कल्पना आपणांस नवी नाहीं. सोलापुराकडे व मराठवाड्यांत ज्वारी पेवांत घालण्याची चाल होती. पेवाचें तोंड मातीनें नीट लिंपलें म्हणजे आंतील दाणे व किडे यांच्या श्वासोच्छ्वासानें प्राणवायु संपत जातो, कार्बन डायऑक्साइड वायु वाढतो, आणि कीड आपोआप मरते. पेव उघडल्याबरोबर आंत उतरूं नये हा दंडक त्यामुळेंच पडला. तो मोडणाऱ्यांनीं प्राण गमावले आहेत. यावरून दोन गोष्टी ध्यानांत येतात. एक, हवा कोंडणें हेंच एक औषध आहे. दुसरी, कोंडलेली हवा माणसाचीहि गय करीत नाहीं.

पेवास सांधे नसत. चहूंकडे घट्ट माती आणि एकच तोंड. आजच्या कोठारांस मात्र सांधेच सांधे असतात. भिंत व छप्पर, भिंत व जोतें, एक पॅनेल व दुसरें पॅनेल, दार व चौकट, विजेच्या तारांचीं भोंकें, नळांचीं भोंकें, पाणी वाहून जाण्याची मोरी, यांतील प्रत्येक जागा गळतीची असूं शकते. गवंडी, सुतार, वीजवाला व यंत्रवाला हे आपापलें काम करून जातात. दोघांच्या कामांच्या मध्यें जी बोटभर जागा उरते, ती कोणाच्याच वांट्यास येत नाहीं.

एका मिलिमीटरची किंमत

द्राक्षांच्या शीतगृहाचें उदाहरण घेऊं. द्राक्षें साधारण शून्य अंश सेल्सिअसच्या आसपास व शेंकडा ९० ते ९५ आर्द्रतेंत ठेवतात. बाहेर उष्णतामान ३५ अंश व आर्द्रता शेंकडा ५० असेल, तर बाहेरच्या दर घनमीटर हवेंत सुमारें २० ग्रॅम पाणी वाफेच्या रूपानें असतें. शून्य अंशावरील हवेंत पांच ग्रॅमहि मावत नाहीं. म्हणजे फटींतून आंत आलेली प्रत्येक घनमीटर हवा सुमारें १५ ग्रॅम पाणी तेथें टाकते, आणि तें थंड नळ्यांवर बर्फ होऊन बसतें.

थंड हवा जड असल्यामुळें ती खालच्या फटींतून बाहेर सांडते, व तिची जागा भरण्यास वरच्या फटींतून गरम हवा ओढली जाते. चार मीटर उंचीच्या खोलीस छताजवळ ३० चौरस सेंटिमीटर व जमिनीजवळ तितकीच फट असली, तर केवळ या उष्णतेच्या फरकानें दिवसास निदान ३०० घनमीटर हवा आंत येईल असा हिशोब निघतो. ३० चौरस सेंटिमीटर म्हणजे किती? तीन मीटर लांबीच्या सांध्यास एक मिलिमीटर रुंदीची फट, एवढेंच. अशा दोन फटींपायीं रोज साडेचार किलो बर्फ नळ्यांवर चढतो व सुमारें साडेसहा युनिटांइतकी उष्णता यंत्रास अधिक उपसावी लागते. दोन महिन्यांत हा बर्फ २७० किलो होतो. बर्फ चढला कीं नळ्यांची थंडी हवेस पोंचत नाहीं. तो वितळविण्यासाठीं थंडी वारंवार थांबवावी लागते. तेवढ्या अवधींत खोलीचें उष्णतामान वर जातें, आणि फळांचे देंठ सुकूं लागतात. मोठें यंत्र बसविल्यानें फट बुजत नाहीं. विजेचें बिल मात्र वाढतें.

केळी पिकविण्याच्या खोल्यांची गोष्ट थोडी निराळी. तेथें इथिलीन वायु दहा लक्ष भाग हवेंत १०० भागांच्या आसपास राखावयाचा असतो. तो फटींतून गेला तर घड एकसारखे पिकत नाहींत. आणि शेजारच्या थंड खोलींत शिरला, तर तेथें टिकविण्यासाठीं ठेवलेलें फळ अकालीं पिकवितो. म्हणजे एका खोलीची गळती दोन मालांस भोंवते.

धुरी व गळती

धान्याच्या बाबतींत गळतीचा परिणाम याहून घातक आहे. अल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्यांतून निघणारा फॉस्फिन वायु कीड मारतो तो केवळ आपल्या तीव्रतेनें नव्हे, तर तीव्रता व काळ या दोहोंच्या जोरावर. ऑस्ट्रेलियांत शेतकऱ्यांस जें मार्गदर्शन केलें जातें, त्याप्रमाणें दहा लक्ष भाग हवेंत ३०० भाग फॉस्फिन सलग सात दिवस, अथवा २०० भाग सलग दहा दिवस टिकला पाहिजे. हिंडते-फिरते किडे थोड्या वायूनेंहि मरतात. परंतु अंडीं व कोष तग धरतात. गळक्या कोठारांत पहिल्या दिवशीं वायु भरपूर असतो, पुढें तो झपाट्यानें उतरतो, आणि महिन्या-दीड महिन्यांत तेंच धान्य पुन्हां किडूं लागतें.

याहून वाईट म्हणजे, अर्धवट मात्रा पचवून जे किडे वांचतात त्यांचीच वीण पुढें वाढते. जागतिक अन्न व शेती संघटनेनें सन १९७२-७३ मध्यें केलेल्या पाहणींतच फॉस्फिनला दाद न देणारे किडे आढळले होते, आणि त्यानंतर भारतासह अनेक देशांत त्यांचा जोर वाढला आहे. गोळ्या वाढविणें हा यावर उपाय नाहीं. फुटक्या घागरींत अधिक पाणी ओतण्यासारखें तें आहे.

आणि बाहेर गेलेला वायु कोठें जातो, याचाहि विचार केला पाहिजे. आंत तो दहा लक्षांत ३०० भाग असतो. काम करणाऱ्या माणसाच्या श्वासासाठीं अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांनीं घातलेली मर्यादा ०.३ भाग, म्हणजे आंतील तीव्रतेचा हजारावा हिस्सा आहे. या विषावर उतारा नाहीं, आणि वास आला नाहीं म्हणून वायु नाहीं असेंहि समजतां येत नाहीं. गुदामास लागून राखणदाराची खोली, मध्यें एकच भिंत, आणि तिच्या माथ्यावर जेथें तुळया जातात तेथें न बुजविलेलीं भोंकें, अशी रचना गांवोगांव दिसते. त्या भोंकांचा शोध धुरीपूर्वीं न घेणें म्हणजे शेजारीं झोंपलेल्या माणसांच्या जिवाशीं खेळणें होय. हें औषध मान्यताप्राप्त व शिकलेल्या हातांनींच वापरावें असा निर्बंध आपल्याकडे आहे, तो याचसाठीं. कोणतीहि परीक्षा झाली तरी राहत्या घरांत धुरी देऊंच नये, आणि धुरीच्या दिवसांत लागूनच्या खोलींत कोणास निजूं देऊं नये.

आवाज फट कसा दाखवितो

पंक्चर झालेल्या ट्यूबची फुसफुस ऐकूं येते. मग भिंतीच्या फटीची कां येऊं नये, असें कोणी विचारील. मोटारीच्या चाकांतील हवेचा दाब बाहेरच्यापेक्षां सुमारें दोन लक्ष पास्कलनें अधिक असतो. वर सांगितलेल्या शीतगृहाच्या फटीवर तो तीनएक पास्कलच असतो. एवढ्याशा दाबानें हवा मुकाट्यानें जाते. म्हणून येथें आवाज आपण पुरवावयाचा. हवा ज्या वाटेनें जाते त्याच वाटेनें आवाजहि जातो, हें या युक्तीचें सार आहे.

भिंतींतून आवाज जावयाचा तर सबंध भिंत हलली पाहिजे, आणि भिंत जितकी जड तितकी ती कमी हलते. फटींत मात्र हलावयास हवेखेरीज कांहींच नसतें, म्हणून आवाज तेथून सहज निसटतो. दोन्ही बाजूंनीं गिलावा केलेली विटांची भिंत आवाजाच्या शक्तीचा दहा हजारावा हिस्सा किंवा त्याहूनहि कमी पलीकडे जाऊं देते. अशा एक चौरस मीटर भिंतींत एक चौरस सेंटिमीटरचें भोंक पडलें, तर त्या एकट्या भोंकांतून बाकीच्या सगळ्या भिंतीइतका आवाज बाहेर येतो. कारण तें भोंक त्या भिंतीचा बरोबर दहा हजारावा भाग आहे. बाहेरून सावकाश कान फिरविणाऱ्यास तें सहसा चुकत नाहीं.

आवाज उंच पट्टीचा घेणें बरें. ढोलासारखा खर्जांतील आवाज भिंतीसहि हलवितो व चहूंकडे पसरतो, त्यामुळें तो कोठून आला हें उमगत नाहीं. उंच आवाज भिंतींत अडतो, आणि फटींतून निघाल्यावर फारसा पसरत नाहीं. म्हणून जागा नेमकी सांपडते. माणसाच्या कानास सेकंदाला साधारण २० पासून २०,००० पर्यंत कंपनांचा आवाज ऐकूं येतो, व वय वाढतें तशी वरची मर्यादा खालीं येते. या कामासाठीं केलेलीं यंत्रें त्यापलीकडचा, बहुधा सेकंदास सुमारें ४०,००० कंपनांचा आवाज वापरतात. त्याची एक लाट अवघी साडेआठ मिलिमीटर लांब असते. बोलण्याचा किंवा रहदारीचा गोंगाट त्यांत मिसळत नाहीं, आणि यंत्र तो उतरवून आपल्या कानास ऐकूं येईल अशा पट्टींत आणून देतें.

ही युक्ति कालपरवांची नव्हे. अमेरिकेंत कीस्ट व पेइ या दोघांनीं इमारतींतील हवेच्या फटी आवाजानें शोधण्याविषयीं सन १९७९ मध्यें निबंध प्रसिद्ध केला. तेथील एएसटीएम या प्रमाण ठरविणाऱ्या संस्थेनें गळतीच्या जागा शोधण्याच्या ज्या रीति आपल्या ई ११८६ या प्रमाणांत नमूद केल्या आहेत, त्यांत धूर, उष्णतेचें चित्र व शोधक वायु यांच्या बरोबरीनें आवाजाचीहि रीत आहे. शिकागोजवळील आर्गोन राष्ट्रीय प्रयोगशाळेंत तर फटीचें ठिकाणच नव्हे, तिचा आकारहि आवाजावरून काढण्याचे प्रयत्न झाले आहेत.

आपल्या उपयोगाच्या दृष्टीनें जहाजांचें उदाहरण अधिक जवळचें आहे. धान्य वाहणाऱ्या जहाजांच्या कोठ्यांचीं झांकणें पाणी आंत घेतात कीं काय, हें पाहण्यास तपासनीस असाच उपाय करतात. कोठींत श्रवणातीत आवाज काढणारी पेटी ठेवतात; झांकण उघडें असतां बाहेर आवाज किती येतो तें मोजून घेतात; मग झांकण बंद करून रबरी पट्टीच्या कडेकडेनें ग्राहक फिरवितात. उघड्या झांकणाच्या वेळीं आलेल्या मापाच्या दशांशाहून अधिक आवाज जेथें येईल, तेथें पट्टी नीट दाबली जात नाहीं असें धरतात. शीतगृहाच्या दारास हीच कसोटी लावण्यास कोणतीच अडचण नाहीं.

घरच्या घरीं परीक्षा

यंत्र येईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. साधी परीक्षा घरच्या साधनांनींहि होते. कोठार रिकामें असावें. वेळ रात्रीची, वारा पडलेला, पंप व इतर यंत्रें बंद. आंत मध्यभागीं चांगला ध्वनिवर्धक ठेवून त्यावर मोबाईलमधून सतत एकसारखा, पत्र्यावर पडणाऱ्या पावसासारखा आवाज लावावा. गाणें लावूं नये. त्याचा जोर क्षणोक्षणीं बदलतो. मग दारें व झरोके नेहमींप्रमाणें बंद करावे.

बाहेर दोघांनीं फिरावें. एकानें हातभर रबरी नळी घेऊन तिचें एक टोंक कानाशीं धरावें, दुसरा कान कापसानें बंद करावा, आणि नळीचें मोकळें टोंक सांध्यापासून बोटभर अंतरावर ठेवून सावकाश पुढें न्यावें. आधीं भिंतीचा कोरा भाग ऐकून कानास त्याची संवय करावी, म्हणजे फरक चटकन कळतो. आवाज जेथें एकदम उठेल, तेथें दुसऱ्यानें खडूनें खूण करावी. क्रम ठरलेला असावा: प्रथम दाराचा उंबरा व चौकट, मग तारांचीं व नळांचीं भोंकें, मग भिंतीचे कोपरे, शेवटीं भिंत व छप्पर यांचा सांधा. शिडी धरण्यास माणूस असावा, आणि अंधारांत पत्र्यावर कोणी चढूं नये.

खुणा झाल्यावर पडताळा घ्यावा. हवा बाहेर फेकणारा पंखा लावून आंतून खुणेच्या जागीं उदबत्ती धरावी. धूर खोलीच्या बाजूस ढकलला गेला, तर वाट खरी. जेथें इथिलीन वापरतात किंवा पॅनेलमधील फोम उघडा आहे, तेथें मात्र विस्तव नेऊं नये. कापसाचा बारीक तंतु टांगला तरी काम होतें. दिवसा आंत अंधार करून कवडसे पाहण्याची जुनी रीतहि चांगली आहे; परंतु उजेड सरळ जातो, आणि थोडी वांकडी फट त्यास दिसत नाहीं. आवाज थोडें वळण घेतो, म्हणून कवडशांनीं न सांपडलेल्या पुष्कळ जागा तो दाखवितो.

आवाज कोठें फसतो

कोणत्याहि साधनाची स्तुति करतांना त्याचे दोष झांकूं नयेत. फट फार नागमोडी असली, किंवा तींत कांचेची लोंकर वा काथ्या भरलेला असला, तर हवा जाते परंतु आवाज मधल्यामध्यें मुरतो. तेथें कान 'ठीक आहे' म्हणतो आणि फसवितो. उलट, पातळ पत्रा, कांचेचें तावदान अगर प्लास्टिकचें कापड ही स्वतः हलतात, म्हणून फट नसतांहि आवाज पलीकडे येतो. आपल्या बहुतेक गुदामांत थप्पीवर कापड घालून, कडेनें वाळूच्या लांबट पिशव्या ठेवून धुरी देतात. त्या कापडास आवाजाची परीक्षा लागू पडत नाहीं. तेथें कापडाचीं भोंकें डोळ्यांनीं पाहावीं, पिशव्या एकमेकींवर चढवून ठेवाव्या, आणि वायु मोजण्याच्या साधनानें आंतील तीव्रता पाहावी. पत्र्याच्या शटरचें व उघड्या छप्पराचें सबंध गुदाम हवाबंद करण्याच्या खटपटीस लागूं नये. तेथें थप्पी झांकणेंच शहाणपणाचें.

दुसरा दोष असा, कीं आवाज जागा दाखवितो, परंतु एकंदर गळती किती हें सांगत नाहीं. त्यासाठीं दाबाची परीक्षा आहे. ऑस्ट्रेलियाच्या एएस २६२८ या प्रमाणाप्रमाणें हवाबंद लोखंडी कोठींत हवा भरून दाब २५० पास्कल, म्हणजे पाण्याची २५ मिलिमीटर उंची, इतका चढवितात. तो निम्म्यावर येण्यास नव्या कोठीस निदान पांच मिनिटें व वापरांतल्या कोठीस निदान तीन मिनिटें लागलीं पाहिजेत. मोजण्यास वांकविलेली पारदर्शक नळी, तींत थोडें पाणी आणि एक घड्याळ पुरतें. दाब कोठीच्या झेपेपेक्षां वाढूं नये म्हणून तो सोडणारी झडप मात्र हवीच. कोठी या परीक्षेंत उतरली नाहीं, तरच फट शोधण्याचें काम निघतें. सांध्यांवर साबणाचें पाणी शिंपडून बुडबुडे पाहणें ही तेथील सर्वांत सोपी रीत. जेथें साबण पोंचत नाहीं किंवा इमारत फार मोठी आहे, तेथें आवाज कामास येतो. थोडक्यांत, दाब हा न्यायाधीश आणि आवाज हा शोध्या. दोघांचीं कामें निराळीं आहेत, व एकावांचून दुसरा पुरा पडत नाहीं.

तिसरी गोष्ट, प्रत्येक इमारत हवाबंद करावयाची नसते. कांद्याच्या चाळीस खेळती हवाच पाहिजे. तेथील फटी बुजविणारा मनुष्य आपला कांदा आपल्या हातानें सडवील. ओलसर धान्य हवाबंद कोंडलें तर तेंहि बिघडतें. आधीं धान्य वाळवावें, मग कोंडावें. कोठें हवा अडवावयाची व कोठें वाहूं द्यावयाची, हें ठरविल्यावरच कान लावण्यास बसावें.

आक्षेप व उत्तरें

यावर तीन आक्षेप येतात. पहिला बांधणाऱ्यांचा: इमारत नवी आहे, ती गळेल कशी? परंतु फट ही म्हातारपणाची खूण नव्हे. निष्काळजी हातानें सोडलेला सांधा पहिल्या दिवसापासून गळतो. पुढें सिमेंट आटतें, रबरी पट्टी कडक होते, दार उतरतें, आणि गळतीची भर पडते. म्हणून परीक्षा ताबा घेतांनाहि हवी आणि दरसालहि हवी.

दुसरा आक्षेप खर्चाचा. एकट्या शेतकऱ्यास यंत्र घेणें परवडणार नाहीं, हें खरें. पण तें वर्षांतून एका कोठारास एकच रात्र लागतें. मळणीयंत्र जसें गांवभर फिरतें तसें हें तालुकाभर फिरूं शकेल. आणि साध्या नळीच्या परीक्षेस तर खर्च जवळजवळ नाहींच.

तिसरा आक्षेप थोडा वजनदार आहे. फट सांपडली तरी बुजवील कोण? बुजविणें अवघड नाहीं. अवघड असतें तें सांपडणें. भोंकास सिमेंट, सांध्यास सिलिकॉन, दारास नवी रबरी पट्टी, मोरीस पाण्याचा खंदक. खडूची खूण समोर असली म्हणजे गवंडी अर्ध्या दिवसांत काम उरकतो. खूण नसली तर तो सबंध इमारतीस रंग देऊन जातो, आणि फट रंगाखालीं तशीच राहते.

संस्थांनीं काय करावें

आमच्या सूचना थोड्या आहेत. शीतगृह, केळी पिकविण्याची खोली किंवा हवाबंद कोठी बांधून घेतांना करारांतच लिहावें, कीं दाबाची व आवाजाची परीक्षा मालकाच्या समक्ष होईल, सांपडलेल्या फटी बांधणाऱ्यानें आपल्या खर्चानें बुजवाव्या, आणि पुन्हां परीक्षा होईपर्यंत शेवटचा हप्ता मिळणार नाहीं. पैसा हातांत असेपर्यंतच ठेकेदार ऐकतो, हें सर्वांस ठाऊक आहे. संस्थेनें आवाज काढणारी पेटी व ग्राहक यांची एक जोडी विकत घ्यावी, दोन तरुण सभासदांस तिचा उपयोग शिकवावा, आणि मामुली भाड्यानें ती सभासदांस द्यावी. द्राक्षांचीं शीतगृहें तोडणीपूर्वीं व धान्याचीं कोठारें नवा माल येण्यापूर्वीं, रिकामीं असतांनाच, पाहून घ्यावीं. प्रत्येक कोठाराची एक वही असावी. तींत तारीख, दाब निम्म्यावर येण्यास लागलेला वेळ, सांपडलेल्या जागा व केलेली दुरुस्ती लिहावी. दोन-तीन वर्षांच्या नोंदी हातीं आल्या म्हणजे कोणता सांधा नेहमीं दगा देतो, हें आपोआप कळेल, आणि पुढील इमारत बांधतांना तो सांधा टाळतां येईल.

जो शेतकरी टकटक करून मडकें निवडतो, बोटानें वाजवून कलिंगडाची परीक्षा करतो, आणि पंपाचा सूर बदलतांच नळींत हवा शिरली हें दुरून ओळखतो, त्यास कानाचा भरंवसा शिकवावयास नको. तोच कान आपल्या कोठाराच्या भिंतीस लावावयाचा आहे. वर्षभर राबून पिकविलेला माल एका मिलिमीटरच्या फटीनें नासावा, आणि त्याच फटीनें एखाद्या निजलेल्या कुटुंबाचा श्वास विषारी व्हावा, हें आपल्याला परवडणारें नाहीं. येत्या वार्षिक सभेपुढें सभासदांनीं हा विषय आणावा, आणि यंत्राची खरेदी मंजूर होवो वा न होवो, या हंगामापूर्वीं एक रात्र आपलें कोठार ऐकण्यासाठीं राखून ठेवावी, अशी आमची सर्वांस विनंति आहे.